पाहुण्याचा कर, यजमानाचं देणं

मंडळी, कराची गोष्ट निघाली की पहिला प्रश्न येतो, ‘किती?’ आज आपण दुसरा प्रश्न आधी घेऊ: देणं नेमकं कुणाचं? त्यासाठी एडिंबराचं उदाहरण घेतो आहोत. तिथल्या कायद्याने या प्रश्नाचं उत्तर स्पष्ट दिलेलं आहे, आणि छोट्या गेस्टहाउसवाल्याची सगळी तयारी त्या उत्तरावरच ठरते.

आधी हकीकत. स्कॉटलंडच्या संसदेने २०२४ मध्ये व्हिजिटर लेव्हीचा कायदा केला. स्थानिक कौन्सिलांना मुक्कामाच्या भाड्यावर टक्केवारीने आकारणी करण्याचा अधिकार त्यातून मिळाला. एडिंबरा कौन्सिलने जानेवारी २०२५ मध्ये ५ टक्क्यांची योजना मंजूर केली. २४ जुलै २०२६ पासूनच्या मुक्कामांना ती लागू होते, पण त्यातही १ ऑक्टोबर २०२५ पासून केलेल्या बुकिंगनाच. सलग मुक्काम कितीही लांबला तरी आकारणी पहिल्या ५ रात्रींची. हॉटेल, हॉस्टेल, बी-अँड-बी, सुट्टीसाठी भाड्याने दिलेला फ्लॅट, सगळे यात येतात. एडिंबराचाच रहिवासी घरात रंगकाम चालू आहे म्हणून दोन रात्री हॉटेलात झोपला, तर त्यालाही ही लेव्ही पडते! तेव्हा ‘पर्यटक कर’ हे आपलं बोलण्यातलं नाव. कर आहे तो रात्रीच्या मुक्कामावर.

आपल्याकडे माथेरानला जाणारा माणूस दस्तुरी नाक्यावर नगरपरिषदेची पावती फाडतो आणि पुढे चालू लागतो. लॉजवाल्याचा त्या पैशाशी काही संबंध येत नाही. एडिंबरात असा नाका नाही, नाक्याचं काम यजमानाकडे आलेलं आहे. आणि कायदा त्याच्याही पुढे जातो: देणेकरी म्हणून तो यजमानालाच धरतो. पाहुण्याकडून घ्यायचं राहून गेलं, तरी कौन्सिलचे पैसे यजमानाच्या खिशातून जाणार. बुकिंग एखाद्या वेबसाइटवरून आलं असलं तरी जबाबदारी त्याचीच. म्हणून वेबसाइट दाखवते त्या दरात लेव्ही धरली आहे की नाही, हे त्याने स्वतः पाहून घ्यायचं.

आता याचा एक परिणाम बघा. देणं यजमानाचं असल्यामुळे पाहुण्याकडून घेतलेली लेव्ही ही खोलीच्या किमतीचाच भाग मानली जाते, आणि तिच्यावर व्हॅट लागतो. खोली व्हॅट सोडून १०० पौंडांची असेल तर लेव्ही ५ पौंड, आणि १०५ वर २० टक्के व्हॅट, म्हणजे एकूण १२६. करावर कर! तर्कशास्त्राच्या वर्गात हे उदाहरण आम्हांला फार उपयोगी पडलं असतं.

व्हॅट न भरणाऱ्या छोट्या माणसाला वाटतं, आपला काय संबंध? संबंध त्याचाच जास्त आहे. व्हॅट नोंदणीची मर्यादा बारा महिन्यांच्या ९०,००० पौंड उलाढालीची आहे. समजा एखाद्या गेस्टहाउसची उलाढाल ८७,००० आहे, सगळी निव्वळ भाड्याची, आणि मुक्काम सारे चार-पाच रात्रींच्या आतले. लेव्हीचे ४,३५० त्यात मिळवले की बेरीज ९१,३५०. एकही खोली जास्त विकली नाही, एक पौंडही जास्त उरला नाही, आणि तरी माणूस मर्यादेच्या पलीकडे! तिथून पुढे भाड्यावर २० टक्के व्हॅट. दर वाढवावा तर शेजारच्याकडे गिऱ्हाईक जातं, न वाढवावा तर आपला वाटा आटतो. म्हणून ८५ हजारांच्या वर असलेल्याने दरपत्रक छापायच्या आधी हिशेबनिसाकडे जावं. बाकीची तयारी त्यानंतर.

बाकीची म्हणजे बरीचशी वहीखात्याची. लेव्ही मुक्कामाच्या भाड्यावर आहे. जेवण, पार्किंग यांवर नाही. एकाच दरात नाश्ता देणाऱ्याने नाश्त्याची किंमत कशी काढली ते आधीच लिहून ठेवावं आणि वर्षभर तेच धोरण पाळावं. हिशेब तिमाही भरायचा आहे. ऑगस्टात फेस्टिव्हलची गर्दी असते, खात्यात पैसा दिसतो आणि तो आपलाच वाटायला लागतो. आपल्याकडे ‘ठेव’ म्हणतात तसा तो धरावा, आणि शक्य तर वेगळ्या खात्यात टाकावा. या कामाबद्दल यजमानाला वसुलीतले २ टक्के ठेवता येतात. ३,००० पौंड जमवले तर ६० पौंड. तेवढ्यात सॉफ्टवेअरवाला फोन तरी उचलेल का, शंकाच आहे.

एक तरतूद मात्र आम्हांला मनापासून पटते. अपंगत्वाचे ठरावीक भत्ते मिळणाऱ्या पाहुण्याला लेव्हीची रक्कम परत मिळू शकते, पण ती त्याने कौन्सिलकडे मागायची. काउंटरवरच्या मुलीने कुणाच्या अपंगत्वाचा कागद तपासत बसायचं नाही. तिने एवढंच सांगायचं: पैसे आत्ता द्यावे लागतील, परतावा कौन्सिलकडून मिळेल, आणि ही घ्या पावती. त्या पावतीवर खोलीचं भाडं आणि लेव्ही वेगवेगळ्या ओळींत हवी, नाहीतर त्या पाहुण्याला मागणी करताना दाखवायला काहीच उरत नाही.