जेवणघराचा पडदा
दीपावलीसाठी जेवणघर सजविताना अहिल्यानगर जिल्ह्यातील शनिशिंगणापूर आम्हांस आठवते. श्रीशनिदेवांवरील श्रद्धेने तेथील घरांच्या चौकटींना पिढ्यान्‌पिढ्या कवाडे नव्हती. आडोशाला पुष्कळदा केवळ पडदा असे. आता काही घरांना दारे आली असली, तरी त्या पडद्याची शिकवण मोलाची आहे : तो आडोसा देतो, वाट अडवीत नाही.

जेवणघरास म्हणूनच जाड मखमल नको. तीत फोडणीचा वास व धूळ साठते. फिक्या रंगाचे सुती कापड घ्यावे, शिवण्यापूर्वी भिजवून आटवावे आणि पडदा समईपासून दूर लावावा. आसनेही सुती, धुता येण्याजोगी असावीत. वाचलेल्या पैशांत एक पाट अधिक घ्यावा. नैवेद्यानंतर दारी आलेल्या अतिथीस पडदा सारून पंगतीत बसविता आले, तरच ती सजावट सार्थ होय.