आजची भाकर आजच मागायची

पाण्याचा दिवस

छत्रपती संभाजीनगरात राहणाऱ्याला ‘पाण्याचा दिवस’ म्हणजे काय, हे समजावून सांगावं लागत नाही. जायकवाडीचं धरण इथून पन्नासेक किलोमीटरवर, पैठणला. धरण काठोकाठ भरलेलं असो वा नसो, शहरातल्या कित्येक वसाहतींत नळाला पाणी येतं ते काही दिवसांआड. त्या रात्री गजर लावून उठायचं, मोटार चालू करायची, टाकी, पिंपं, कळश्या आणि शेवटी ओट्यावरची पातेलीसुद्धा भरून ठेवायची. आमच्याकडे आई पिंपाच्या तोंडाला फडकं बांधते, पदराला हात पुसते आणि तिथंच उभ्या उभ्या प्रभूची प्रार्थना म्हणते. लहानपणी मला याचं कोडं पडायचं. आठवड्याचं पाणी भरून ठेवणारी ही बाई देवाकडे भाकर मात्र एकाच दिवसाची का मागते?

ख्रिस्ती घरांत वाढलेल्या पुष्कळांना हा प्रश्न कधी ना कधी पडतो. देवावर रोज विसंबायचं, मग बँकेत पैसे ठेवायचे की नाहीत? विमा काढायचा का? मुलाच्या शिक्षणाची तजवीज केली, तर तो अविश्वास ठरतो का? रविवारच्या उपदेशात विश्वासाबद्दल भरपूर ऐकायला मिळतं, पण या साध्या शंका बहुधा तशाच राहतात. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

भाकर हाच शब्द का

येशूने शिकवलेली ही प्रभूची प्रार्थना शुभवर्तमानांत दोन ठिकाणी येते : मत्तयाच्या सहाव्या अध्यायात आणि लूकच्या अकराव्या. मत्तयात मागणं आजच्या दिवसापुरतं आहे, लूकमध्ये रोजच्या रोज द्यावं असं आहे. भाकरीच्या या ओळीत ‘एपिऊसिओस’ असा एक ग्रीक शब्द आहे आणि त्याने अभ्यासकांना कायम जेरीस आणलं आहे. तिसऱ्या शतकातल्या ओरिजेनला वाटलं की हा शब्द शुभवर्तमानकारांनीच घडवला असावा, कारण लोकांच्या बोलण्यात तो नव्हता. चौथ्या शतकात जेरोमने लॅटिन भाषांतर करताना लूकमध्ये त्याचा अर्थ ‘रोजची’ असा घेतला आणि मत्तयात तोच शब्द आध्यात्मिक अर्थाने, ‘द्रव्यापलीकडची’ असा लावला. काहींच्या मते ती ‘येणाऱ्या दिवसाची’ भाकर आहे.

मराठीत ही प्रार्थना करणाऱ्यांच्या तोंडी ‘भाकर’ बसली, हे आपलं भाग्य. मराठवाड्यात ज्वारीची भाकरी थापणाऱ्या बाईला या ओळीचा अर्थ ग्रीक न शिकता कळतो. ज्वारी वर्षभर साठवता येते. पूर्वी ती पेवात आणि कणगीत राहायची, आता पत्र्याच्या कोठीत राहते. पीठ मात्र साठवता येत नाही. दळून फार दिवस झाले की पिठाची विरी जाते, मग कितीही गरम पाणी घालून मळलं तरी थापताना कडेला चिरा पडतात आणि भाकरी परातीतच मोडते. भाकरी तर त्याहून कमी टिकते. सकाळची संध्याकाळी कडक होते, दुसऱ्या दिवशी कुस्करून ताकात घालायची वेळ येते. म्हणजे धान्य वर्षाचं, पीठ आठवड्याचं आणि भाकर त्या त्या वेळेची.

आईच्या पिंपाचं कोडं मला इथं सुटलं. कोठीत धान्य असणं आणि आज पानात भाकर पडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोठी भरलेली असूनही थापणारे हात आजारी पडतात, घरात भांडण होऊन चूल पेटत नाही, काळजीने घास घशाखाली उतरत नाही. साठवण आपण करावी. पण साठवलेलं आज अंगी लागावं, हे मात्र रोज मागावं लागतं.

रानातला मान्ना

येशूचं ऐकणाऱ्यांना भाकरीच्या या ओळीवरून निर्गमाच्या सोळाव्या अध्यायातली गोष्ट आठवली असणार. मिसरातून निघालेल्या लोकांना रानात रोज सकाळी जमिनीवर पडलेला मान्ना वेचावा लागे. ‘हे काय?’ या त्यांच्या विचारण्यावरूनच त्याला ते नाव पडलं. माणशी एक ओमर, म्हणजे साधारण दोन लिटरचं माप. कोणी उद्यासाठी उरवला तर त्यात किडे पडत. पण सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करायची आज्ञा होती, कारण सातवा दिवस विश्रांतीचा, आणि त्या दिवशी उरवलेला मान्ना नासत नसे. साठवणीला सरसकट मनाई नव्हती, हे या गोष्टीतच आहे. भीतीपोटी केलेली साठवण नासली, सांगितल्यावरून केलेली टिकली. उपदेश करताना पहिला अर्धा भाग सांगून थांबण्याची आपली सवय मला बरी वाटत नाही.

केडगावच्या विहिरी

रोज विसंबून जगणं म्हणजे काय, याचं महाराष्ट्रातलं सर्वांत मोठं उदाहरण दौंडजवळच्या केडगावात पंडिता रमाबाईंनी घालून दिलं. त्यांना भूक ऐकून माहीत नव्हती. 1874 मध्ये, त्या सोळा वर्षांच्या असताना, दुष्काळाच्या फिरस्तीत त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे आणि आई लक्ष्मीबाई काही आठवड्यांच्या अंतराने गेले. त्याआधी घरातलं विकण्याजोगं सगळं विकून झालं होतं आणि रानातल्या पाल्यावर दिवस काढावे लागले होते. पुढे 1889 मध्ये त्यांनी मुंबईत विधवा आणि मुलींसाठी शारदा सदन काढलं आणि ते पुण्याला नेलं, तेव्हा पाठीशी अमेरिकेतल्या मंडळाचं दहा वर्षांच्या मदतीचं वचन होतं. ही मुदत कधीतरी संपणार, हे ओळखून त्यांनी केडगावला सुमारे 100 एकर जमीन घेतली. तिथं फळबाग लावायची आणि तिच्या उत्पन्नावर सदन चालवायचं, असा हिशेब होता. चांगला, जमिनीवरचा हिशेब होता तो.

मग 1896 चा दुष्काळ आला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. तिथं अनाथ झालेल्या, रस्त्यावर आलेल्या मुली आणि विधवा पाहिल्या आणि जवळ तेवढे पैसे नसताना 300 जणींना आणायचं ठरवलं. पुण्यात प्लेगचे कडक नियम लागू झाले, तेव्हा या मुलींना केडगावच्या उघड्या माळावर न्यावं लागलं. फळबागेसाठी घेतलेल्या जमिनीवर छपरं उभी राहिली. तेच मुक्ती सदन. 1900 च्या दुष्काळात गुजरातकडून आणखी मुली आल्या आणि तिथली संख्या दोन हजारांच्या जवळ गेली.

त्या वर्षीची मुक्ती सदनाच्या आठवणींतली एक गोष्ट मी कितीदा तरी सांगितली आहे. पाऊस नाही, एवढी माणसं, वर शंभरावर गुरं, आणि पाण्याला विहिरी दोन. संध्याकाळपर्यंत उपसून उपसून तळाचा गाळ दिसायचा. रात्रभरात झिरपून सकाळी पुन्हा त्या दिवसापुरतं पाणी साचलेलं असायचं. असं दिवसामागून दिवस चाललं. पाण्याच्या दिवसाची वाट पाहणाऱ्या आपल्या शहराला ही गोष्ट फार जवळची वाटावी.

1907 च्या आपल्या साक्षीत रमाबाईंनी लिहिलं की संस्थेचं बँकेत खातं नाही, कुठून ठरलेलं उत्पन्न नाही, रोजच्या गरजेवर एक पैसाही शिल्लक नाही, आणि तरी दीड हजारांवर माणसं जेवत आहेत. हे वाचून रमाबाई हात जोडून बसून राहिल्या असं कोणाला वाटेल. पण त्याच केडगावात विहिरी खणल्या जात होत्या, शेती होती, तेलाचा घाणा होता, विणकाम होतं, अंध मुलींना ब्रेल शिकवलं जात होतं, छापखान्यात मुलीच खिळे जुळवत होत्या. पहाटेची प्रार्थना आणि दिवसभराचं काम यांच्यात तिथं भिंत नव्हती. विहीर माणसांनी खणली, झरा त्यांच्या हातात नव्हता. विसंबण्याची व्याख्या मला विचाराल, तर ती एवढीच आहे.

टिळकांच्या घरातला हिशेब

दुसरं उदाहरण अवघड आहे आणि म्हणूनच सांगायला हवं. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, अनेक वर्षं अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम केलं आणि 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ हा आपला भक्तसंघ उभारायला निघाले. पगार बंद झाला. त्यांच्या भक्तीबद्दल कोणाला शंका असू नये. पण घरातली बाजू पाहायची तर त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ वाचावी लागतात. उद्याची फिकीर नसलेल्या नवऱ्याच्या संसारात आज चुलीवर काय चढवायचं, हा प्रश्न रोज कोणापुढे उभा राहत होता, ते त्या पुस्तकात पानोपानी दिसतं. लक्ष्मीबाईंनी ते प्रेमानं लिहिलं, हे त्यांचं मोठेपण.

मला यातून एक गोष्ट स्पष्ट दिसते. आपल्या विश्वासाची किंमत घरातलं दुसरंच माणूस मोजत असेल, तर त्या माणसाला विचारल्याशिवाय पुढचं पाऊल टाकू नये. ‘देव पुरवील’ असं म्हणून उसनवारी करणारा आणि परतफेडीचं ओझं बायकोवर टाकणारा पुरुष देवावर विसंबलेला नसतो, बायकोवर विसंबलेला असतो. मंडळीत हे मोकळेपणाने बोललं गेलं पाहिजे.

भाकरीत काय काय येतं

मार्टिन लूथरने 1529 च्या आपल्या लहान प्रश्नोत्तरीत भाकरीच्या या एका मागण्याखाली मोठी यादी दिली आहे : अन्न आणि कपडे तर आलेच, शिवाय घर, शेत, गुरं, चांगला शेजार, चांगले राज्यकर्ते, चांगलं हवापाणी. आपल्याकडे 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं. त्या उन्हाळ्यात पावसासाठी प्रार्थना करणं योग्यच होतं. पण लूथरची यादी मानली, तर पाण्याचं नियोजन नीट व्हावं, जलवाहिनीचं काम वेळेत पुरं व्हावं, यासाठी अर्ज करणं, सभेत प्रश्न विचारणं, मत देणं हेही त्याच मागण्यात येतं. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मलिक अंबरने जमिनीखालून नहर आणून आमचं संभाजीनगर जगवलं. देवाच्या दानाला माणसाच्या अकलेचा रस्ता लागतो, याची आठवण म्हणून पाणचक्की अजून उभी आहे.

इथल्या मंडळीत

या शहरात मराठी ख्रिस्ती जीवन नवं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चर्च मिशनरी सोसायटीचे रतनजी नवरोजी, मूळचे पारशी घरातले, तेव्हाच्या औरंगाबादेत पाळक म्हणून राहिले. छावणीतलं ख्राइस्ट चर्च त्या परंपरेतलं. 1970 मध्ये उत्तर भारतीय चर्च स्थापन झालं, 1977 मध्ये कॅथलिक धर्मप्रांत निर्माण झाला. आज वाळूजच्या कारखान्यात पाळीवर जाणारा तरुण आणि गंगापूर, वैजापूरकडच्या गावातून शिकायला आलेली मुलगी एकाच बाकावर बसतात.

हंगामाच्या सणाला वेदीपुढे ज्वारीची कणसं, भोपळे, अंडी, कधी पाय बांधलेली कोंबडी येते आणि उपासनेनंतर लिलाव होतो. शहरातल्या मुलांना त्यात गंमत वाटते. पण बोली लावून घेतलेला भोपळा घरी नेताना, तो आधी देवाला देऊन मग आपल्याकडे आला आहे, हे हाताला कळतं. रोजच्या विसंबण्याची यापेक्षा चांगली शिकवण मला दुसरी माहीत नाही.

घरात ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी सोपं ठेवावं. सकाळी मोबाइल हातात घेण्याआधी शास्त्रातला एक उतारा वाचावा आणि आजच्याच तीन-चार गोष्टी नावानिशी मागाव्या : गुडघ्याचं दुखणं, दुपारची मुलाखत, साहेबांशी नीट बोलता येणं. रात्री झोपताना त्यातलं काय मिळालं ते आठवावं. मोघम मागितलं की मिळालेलं ओळखू येत नाही.

आणि उत्तर येत नाही तेव्हा

इथं कोणी सोपं बोलू नये. पौलाने आपल्या शरीरातला काटा काढावा म्हणून तीनदा विनंती केली, तो निघाला नाही. रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा, जिच्या हाती सगळं सोपवायचं होतं, 1921 च्या जुलैत गेली. रमाबाई त्या वेळी बायबलच्या मराठी भाषांतराच्या कामात होत्या. त्यांनी काम थांबवलं नाही. 5 एप्रिल 1922 ला त्याही गेल्या आणि ते बायबल त्यांच्या मागून छापून पूर्ण झालं. मुलीच्या मृत्यूनंतरच्या त्या आठ-नऊ महिन्यांत त्यांनी रोज सकाळी काय मागितलं असेल, याचा मी पुष्कळदा विचार करतो. स्तोत्रसंहितेतली कित्येक स्तोत्रं उघड तक्रारीची आहेत. देवावर विसंबलेल्या माणसाला त्याच्यापुढे रडायची, जाब विचारायची मुभा आहे. ज्याच्यावर भरवसा नाही, त्याला कोणी जाब विचारत बसत नाही.

‘आम्हाला’

शेवटची गोष्ट व्याकरणाची आहे. प्रभूच्या प्रार्थनेत ‘मला’ हा शब्द कुठेच येत नाही. मागायचं ते ‘आम्हाला’. मी एकटा खोलीत दार लावून म्हटली, तरी शेजाऱ्याची भाकर त्यात धरलेलीच असते, मग तो कोणत्याही धर्माचा असो. म्हणून एक विनंती करतो. पुढच्या पाण्याच्या दिवशी मोटार लावण्याआधी जिना चढून जा. वरच्या मजल्यावर कोणी म्हातारं माणूस एकटं राहत असेल, तर पहिली कळशी त्यांची भरा आणि मग आपलं पिंप.