पेटता नळ आणि हेलियमची साक्ष

नळ सोडला, काडी ओढली आणि पाण्याबरोबर भडका! ‘ही चित्रफीत खरी असेल का हो?’ असं एका वाचकाने विचारलं आहे. खरी आहे. ‘गॅसलँड’ या २०१० च्या माहितीपटातलं, अमेरिकेतल्या कोलोरॅडोचं दृश्य आहे ते. फक्त त्यावरून फ्रॅकिंगवर, म्हणजे खोलातला खडक फोडून वायू काढण्यावर, गुन्हा शाबीत होत नाही. तिथल्या तेल-वायू नियामकांना त्या घराच्या विहिरीतला मिथेन जिवाणूंनी बनवलेला आढळला होता.

हे कार्बनवरून ओळखता येतं. जिवाणू हलका कार्बन-१२ आधी उचलतात. त्यामुळे त्यांच्या मिथेनमध्ये कार्बन-१३ प्रमाणित नमुन्यापेक्षा हजारी साठाहूनही अधिकने कमी भरतो. खोल खडकात उष्णतेने तयार झालेल्या मिथेनमध्ये ही तूट सहसा पन्नासच्या आत असते, शिवाय सोबत इथेन, प्रोपेन असतात. (हा मूळ नमुना म्हणजे दक्षिण कॅरोलायनातला बेलेम्नाइटचा जीवाश्म. जगभरच्या कार्बनची मोजदाद माकुळाच्या एका नातलगावर बेतलेली!)

तेल कंपन्यांना कोलोरॅडोचा हा निकाल भलताच आवडला. पण पेनसिल्व्हेनियात गॅसविहिरींजवळच्या बोअरवेलमध्ये याच कसोटीला खोलातला मिथेन सापडला. त्यावर उत्तर तयार होतं: तो भेगांतून आपोआप वर येतो. हे अशक्य नाही. कार्बन गाव सांगतो, वाट सांगत नाही. त्यातून मिथेन खाणारे जिवाणू वेगळेच. ते हलका मिथेन आधी संपवतात आणि गावाचा पत्ताही बिघडवतात.

हेलियमला मात्र कुणी खात नाही. युरेनियम-थोरियमच्या ऱ्हासातून खडकातच जन्मलेला हा वायू मिथेनसोबत निघतो. पायी दिंडीत भरभर चालणारे पुढे जातात, थकलेले मागे राहतात. तीच मंडळी ट्रकने आली तर निघाली तशी एकत्र उतरतात. वायूंचंही तसंच: ओल्या खडकातून हळूहळू वर येताना मिथेन पाण्यात विरघळून रेंगाळतो, कमी विरघळणारा हेलियम पुढे सटकतो. गॅसविहिरीतून थेट गळून आले, तर दोघं एकत्रच पोहोचतात. पोहोचलेल्या जथ्यात दोघांचं प्रमाण पाहा, प्रवास कळतो.

संशोधक थॉमस डॅरा आणि सहकाऱ्यांनी २०१४ च्या अभ्यासात मार्सेलस शेल या वायूधारी खडकावरच्या ११३ आणि टेक्सासमधल्या २० पाण्याच्या विहिरी अशा तपासल्या. काही ठिकाणी मिथेन आपोआपच वर आलेला होता. दूषित विहिरींचे आठ गट मात्र ‘ट्रकने’ आलेल्या वायूचे ठरले: चार ठिकाणी गॅसविहिरीभोवतीचं सिमेंट कच्चं, तीन ठिकाणी तिच्या आतली नळी (केसिंग) सदोष, एका ठिकाणी जमिनीखाली गॅसविहीरच निकामी. फ्रॅकिंगने फोडलेल्या खडकातून वायू थेट वर चढल्याची खूण नव्हती. ‘फ्रॅकिंग निर्दोष’ असे मथळे यावरून झळकले. त्या गॅसविहिरी खणल्या कशासाठी होत्या, हे त्या मथळ्यांत कुठे आलं नाही.