आमच्या घरचे कॅल्शियम

माझ्या गळ्यावर एक आडवी खूण आहे. वयाच्या सुरकुत्यांत ती आता मिसळून गेली आहे, त्यामुळे मुद्दाम दाखविल्याशिवाय कुणाच्या लक्षात येत नाही. आवाज मात्र लगेच लक्षात येतो. फोनवर नवा माणूस हमखास विचारतो, ‘घसा बसलाय का?’ घसा बसलेला नाही. २००९ साली झालेल्या एका शस्त्रक्रियेत स्वरयंत्राकडे जाणारी नस दुखावली आणि एकोणतीस वर्षे वर्गात खणखणीत कविता म्हणणारा माझा आवाज गेला. त्याचे दुःख आहेच. पण ती शस्त्रक्रिया करण्याची गरजच नव्हती, हे चार वर्षांनी कळले तेव्हा झालेले दुःख अधिक होते.

गुडघे दुखतात म्हणून सगळ्या तपासण्या करून घेतल्या होत्या. रक्तातील कॅल्शियम निघाले ११.२. ते साधारणपणे डेसिलिटरमागे ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम असावे लागते. पुन्हा तपासले, पुन्हा तेच. कॅल्शियम इतके असताना जे संप्रेरक दबून कमी व्हायला हवे, तेही नेहमीच्याच पातळीवर होते. ‘परावटू ग्रंथीवर गाठ असणार, काढून टाकू,’ असे सांगण्यात आले. स्कॅनमध्ये गाठ दिसली नव्हती. तरी गळा उघडला, एक ग्रंथी काढली. महिन्याने रक्त तपासले, तर कॅल्शियम ११.१!

दरम्यान मी दूध सोडले, नाचणीची भाकरी सोडली. संक्रांतीला हातावर आलेला तिळगूळ गुपचूप शेजारणीच्या मुलाला देऊन टाकायची. कॅल्शियम जागचे हलले नाही.

गेंड्याच्या गळ्यातील ग्रंथी

या परावटू ग्रंथींची गोष्ट मोठी गमतीची आहे. माणसाच्या गळ्यात अवटू म्हणजे थायरॉइड ग्रंथीच्या मागे त्या बहुधा चार असतात, प्रत्येकी तांदळाच्या दाण्यापेक्षा थोड्याशा मोठ्या. त्यांचा पहिला शोध लागला तो एका भारतीय गेंड्याच्या गळ्यात. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातला हा गेंडा १८४९ साली मेला आणि रिचर्ड ओवेन या शरीरशास्त्रज्ञाने त्याचे विच्छेदन करताना ही इवलीशी ग्रंथी टिपली. माणसात ती १८८० च्या सुमारास दाखवून दिली स्वीडनमधील इव्हार सँडस्ट्रॉम या तरुणाने. तेव्हा तो वैद्यकाचा विद्यार्थी होता.

प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे किलोभर कॅल्शियम असते. त्यातले ९९ टक्के हाडांत आणि दातांत. उरलेल्या चिमूटभरावर हृदयाचे ठोके, स्नायूंचे आखडणे-सैलावणे, मज्जातंतूंचे निरोप आणि रक्ताचे साकळणे चालते. म्हणून रक्तातील पातळी जरा खाली आली की या ग्रंथी संप्रेरक सोडतात. ते हाडांतून कॅल्शियम काढते आणि मूत्रपिंडांना सांगते, की लघवीवाटे जाऊ देऊ नका. पातळी वर गेली की ग्रंथी गप्प बसतात.

पण पातळी वर गेली हे ग्रंथीला कळते कसे? या प्रश्नाचे उत्तर १९९३ साली मिळाले. बोस्टनमधील एडवर्ड ब्राउन आणि स्टीव्हन हेबर्ट यांच्या गटाने गाईच्या परावटू ग्रंथीतून एक प्रथिन शोधून काढले. पेशीच्या पृष्ठभागावर बसून ते बाहेरचे कॅल्शियम अजमावत असते. माणसात या प्रथिनाचा आराखडा असलेले जनुक तिसऱ्या गुणसूत्रावर आहे. त्याचे नाव सीएएसआर.

टाकीतला बॉलकॉक

२०१३ साली मी पुण्यात एका डॉक्टरीणबाईंना दाखवले. त्यांनी जुनी फाइल शांतपणे वाचली आणि विचारले, ‘लघवीतलं कॅल्शियम कुणी मोजलं नाही?’ कुणी मोजले नव्हते. आधी त्यांनी ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता भरून काढली, कारण तेवढ्यानेही हा आकडा फसवा येतो. मग पाच लिटरचा कॅन दिला, चोवीस तासांची लघवी साठवायला सांगितली. रक्त आणि लघवी यांतील कॅल्शियम आणि क्रिएटिनिन यांचे एक साधे प्रमाण काढतात. गाठ असेल, तर ते बहुधा ०.०१ च्या वर असते. माझे त्याच्या बरेच खाली होते. रक्तात कॅल्शियम जास्त आणि तरी मूत्रपिंडे ते राखून ठेवत होती.

बाईंनी मला टाकीचे उदाहरण दिले. गच्चीवरच्या टाकीत बॉलकॉक असतो. पाणी ठरावीक पातळीला आले की चेंडू वर उचलला जातो आणि नळ बंद होतो. चेंडूची दांडी जन्मतःच थोडी वाकलेली असली, तर नळ जरा उशिरा बंद होईल, पाणी दोन बोटे वर राहील. पण ते तिथेच राहील, टाकी वाहणार नाही. ‘तुमची दांडी वाकलेली आहे,’ त्या म्हणाल्या. ‘ग्रंथीतलीही आणि मूत्रपिंडातलीही. हा आजार म्हणायचा नाही, ठेवण म्हणायची.’

या ठेवणीला फॅमिलियल हायपोकॅल्सियुरिक हायपरकॅल्सिमिया असे लांबलचक नाव आहे. एका कुटुंबात असे वाढलेले कॅल्शियम पिढ्यान् पिढ्या दिसते आणि त्याचा काही त्रास होत नाही, हे अमेरिकेतील डॉक्टरांनी १९७२ साली नोंदविले होते. पुढे ज्यांच्या परावटू शस्त्रक्रिया निष्फळ ठरल्या होत्या अशा लोकांची फेरतपासणी झाली, तेव्हा त्यांतले काही जण याच ठेवणीचे निघाले. माझ्यासारखे! १९९३ मध्येच कळले, की ही दांडी वाकते ती सीएएसआर जनुकातील बदलाने. याच जनुकात उलट बदल झाला तर चेंडू लवकर उचलला जातो आणि कॅल्शियम कमी राहते. हे कळायला आणखी वर्षच लागले.

एवढेच नाही. ज्यांचा अहवाल अगदी ‘नॉर्मल’ येतो त्यांच्यातही कुणाचे ९.१, कुणाचे ९.९ असते. त्यातही वारशाचा हात असतो. हे प्रथिन १,०७८ अमिनो आम्लांची साखळी आहे. तिच्यातील ९८६ व्या जागी काही लोकांत एक अमिनो आम्ल वेगळे असते आणि तेवढ्याने पातळी किंचित वर सरकते. २०१० साली युरोपीय आणि भारतीय वंशाच्या मिळून जवळजवळ १३ हजार लोकांच्या अभ्यासात हाच बदल सर्वांत ठळक ठरला. तरी लोकालोकांतील फरकाचा जेमतेम सव्वा टक्का त्याने उलगडला. बाकीचा भार इतर जनुके, आहार, ऊन, वय यांच्यावर.

पोटॅशियम आणि मॅग्नेशियमचेही असेच. पोटऱ्यांत गोळे येतात, सारखे खारट खावेसे वाटते आणि पोटॅशियम कितीही दिले तरी कमीच राहते, अशा काही रुग्णांचे वर्णन गिटेलमन यांनी १९६६ साली केले. त्यामागचे मूत्रपिंडातील मीठ परत शोषणाऱ्या प्रथिनाचे जनुक १९९६ मध्ये सापडले. म्हणजे आपण ज्याला ‘रक्ताचा रिपोर्ट’ म्हणतो, त्यातली बरीच ओळ आजी-आजोबांनी लिहून ठेवलेली असते.

मामाची मुलगी

जनुकाच्या तपासणीत माझ्यात तो बदल सापडला. अशी ठेवण असलेल्या माणसाच्या प्रत्येक मुलाला ती मिळण्याची शक्यता निम्मी असते, म्हणून घरातल्या सर्वांची रक्ततपासणी झाली. धाकट्या भावाचे कॅल्शियम १०.९, आईचे ११. भाऊ हसला. म्हणाला, ‘आक्का, वाटणीत आपल्याला शेत कमी आलं, हे मात्र बरोबर आलं.’ आम्ही सगळे हसलो.

हसू विरले २०१६ मध्ये. माझ्या मुलाला भावाची मुलगी करायची, हे आमच्याकडे दोघे पाळण्यात असल्यापासून ठरल्यासारखे होते. मामाची मुलगी म्हणजे भाच्याचा हक्क. आमच्या भागात त्यात कुणाला वावगे वाटत नाही. माझी आईसुद्धा आपल्या आत्याच्याच घरी सून म्हणून आली होती. मी सहज म्हणून पुण्याच्या बाईंना फोनवर ही बातमी सांगितली. त्या क्षणभर गप्प झाल्या. मग म्हणाल्या, ‘आधी दोघांना घेऊन या.’

दोघांनाही वारसा मिळाला होता. मुलाचे १०.८, भाचीचे ११. जनुकातला बदलही तोच. बाईंनी कागदावर चार चौकोन काढले. जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकच वाकडी असेल, तर आमच्यासारखे सुखरूप आयुष्य. पण आई-बाप दोघांकडून वाकडीच प्रत आली, तर टाकीत चेंडूच नाही असे समजा. अशा बाळाचे कॅल्शियम जन्मल्यापासून भयंकर वाढते, हाडे विरघळू लागतात, बाळ दूध ओढत नाही, अंग सैल पडते. वेळेवर ओळखून उपचार झाले नाहीत, तर ते दगावू शकते. दर गरोदरपणी ही शक्यता चारात एक. ‘लग्न करू नका असं मी सांगत नाही. गर्भात तपासणी करता येते. पण माहीत असून ठरवा,’ एवढेच त्या म्हणाल्या.

घरी येऊन हे सांगितले, तर भाऊ चिडला. ‘इतकी वर्षं आपल्याला काय झालं? कागदावरच्या चौकोनांवर सोयरीक मोडायची?’ कोपऱ्यात बसलेली आई तोवर काही बोलली नव्हती. ती म्हणाली, ‘तुमच्या दोघांच्या मधी माझी दोन गेली. एक बावीस दिवसांचं, एक दीड महिन्याचं. अंग असं कापसासारखं. अंगावर ओढायची न्हाईत. कुणी म्हटलं नजर, कुणी म्हटलं बाळग्रह. रक्त कुणी बघितलं त्यांचं?’

ती दोन बाळे याच कारणाने गेली असे म्हणायला आज काही आधार नाही. पण त्या संध्याकाळी घरात कुणाला जेवण गेले नाही.

निर्णय भाचीनेच सांगितला. शेतकी महाविद्यालयात शिकलेली पोर ती; बियाण्यांचा वारसा तिला आमच्याहून जास्त कळत होता. ‘आत्या, आजीच्या वाट्याला न कळता आलं. मी कळून-सवरून का मागून घेऊ?’ मुलानेही मान डोलावली. भाऊ वर्षभर माझ्याशी तुटक बोलत होता. भाऊबीजेला मात्र आला. ओवाळताना दोघांच्याही डोळ्यांत पाणी होते.

भाचीचे लग्न २०१८ मध्ये दुसऱ्या घरी झाले. तिच्या सासरच्यांना आम्ही लग्नाआधी सगळे सांगितले; जावईबापूंचे कॅल्शियम ९.४. २०२० साली ती बाळंत व्हायच्या आधीच आम्ही बालरोगतज्ज्ञांच्या हाती बाईंची चिठ्ठी दिली होती. आईचे कॅल्शियम सतत जास्त असेल, तर पोटातल्या बाळाच्या ग्रंथी सुस्त पडतात. बाळाला ही ठेवण मिळाली नसेल, तर जन्मानंतर काही दिवस त्याचे कॅल्शियम कमी होऊन झटके येऊ शकतात. तिसऱ्या दिवशी तसेच झाले, पातळी घसरली. पण डॉक्टर वाटच पाहत होते. झटका येण्याआधीच औषध सुरू झाले आणि दोन आठवड्यांत बाळाच्या ग्रंथी जाग्या झाल्या.

वाचकांनी माझ्या अनुभवावरून एक चुकीचा अर्थ मात्र काढू नये. रक्तात कॅल्शियम जास्त आढळले तर ते अंगावर काढायचे नाही. बहुतेकांत खरोखर परावटू ग्रंथीची गाठ किंवा दुसरा गंभीर आजार असतो. गाठ असेल, तर शस्त्रक्रियेने माणूस बरा होतो, मुतखडे आणि हाडांची झीज टळते. फक्त गळ्याला सुरी लागण्याआधी दोन गोष्टी झाल्या पाहिजेत. चोवीस तासांच्या लघवीची तपासणी आणि घरातल्या इतरांच्या कॅल्शियमची चौकशी. या दोन्हींना मिळून माझ्या शस्त्रक्रियेच्या खर्चाचा विसावा हिस्साही लागला नसता.

आमच्या घरात आता प्रत्येकाच्या पाकिटात एक छोटी चिठ्ठी असते. ‘कॅल्शियम जन्मतः जास्त आहे. कृपया गळ्याची शस्त्रक्रिया करू नये.’ आईच्या चिठ्ठीवर मी तिच्या सांगण्यावरून नाव मोठ्या अक्षरांत लिहिले आहे; ती ती बटव्यात सुपारीशेजारी ठेवते. भाचीची लेक आता शाळेत जाते. सुट्टीत आली की माझ्या मांडीवर बसून कविता म्हणून घेते. माझ्या घोगऱ्या आवाजाची तिला सवयच आहे. तिला वाटते, आजीचा आवाज असाच असतो.