दमट हवेवर पोसणारी भुरी

गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात भाताची कापणी उरकते तेव्हा त्याच बांधीत लाखोळी आणि जवस यांची रोपे बहुधा वर आलेली असतात, कारण कापणीपूर्वी उभ्या भातातच या पिकांचे बी फेकून जमिनीतील उरलेल्या ओलाव्यावर ते वाढवण्याची, उतेरा या नावाने ओळखली जाणारी पद्धत पूर्व विदर्भात जुनी आहे. या पिकांना पाऊस मिळत नाही, पाणी दिले जात नाही आणि खतही क्वचितच पडते. तरीही घरची डाळ, तेल आणि हिवाळ्यातील कोवळ्या शेंड्यांची भाजी त्यांच्यावरच अवलंबून असते. डिसेंबर-जानेवारीत या पिकांच्या पानांवर पीठ शिंपडल्यासारखा जो पांढरा थर दिसू लागतो, त्याला शेतकरी भुरी म्हणतात. रासायनिक औषधांवर फारसा खर्च करणे परवडत नाही अशा शेतीत हा रोग समजून घेणे औषधाइतकेच मोलाचे आहे, कारण भुरीचा स्वभाव इतर बुरशींपेक्षा बराच वेगळा आहे.

बहुतेक बुरशींच्या बीजाणूंना, म्हणजे धुळीसारख्या सूक्ष्म प्रजननकणांना, रुजण्यासाठी पानावर पाण्याचा थर लागतो. भुरीच्या बीजाणूत स्वतःचाच भरपूर ओलावा साठवलेला असल्यामुळे तो कोरड्या पानावरही रुजतो, उलट पानावर पाणी साचून राहिले तर त्याची उगवण बिघडते आणि जोराच्या सरीने तो धुऊनही जातो. म्हणूनच पावसाळ्याच्या ऐन भरात हा रोग मागे पडतो आणि दिवसा कोरडी ऊन हवा, रात्री थंडी व दमट हवा असे चक्र सुरू झाले की उसळतो. साधारण २० ते २७ अंश सेल्सिअस तापमान त्याला सर्वाधिक मानवते, तर ३५ अंशांपुढे त्याची वाढ थांबते. बीजाणू रुजल्यावर बुरशीचे धागे पानाच्या पृष्ठभागावरच पसरतात आणि पेशींत बारीक शोषक नळ्या घालून अन्नरस ओढतात. पाच-सात दिवसांत नवे बीजाणू तयार होऊन वाऱ्याबरोबर उडतात. झाड लगेच मरत नाही, पण पान लवकर पिवळे पडते, शेंगा व बोंडे पुरती भरत नाहीत आणि दाणा बारीक राहतो.

धानोऱ्यासारख्या जंगलपट्ट्यात या चक्राला पोषक परिस्थिती आपोआप मिळते. सागाच्या दाट रांगांच्या कडेला असलेल्या बांधीत सकाळचे ऊन उशिरा पोचते, वारा अडतो आणि पिकातील दमटपणा टिकून राहतो. हिवाळ्यात सागाच्या पानांवरही असाच पांढरा थर दिसतो, त्यामुळे जंगलातूनच रोग शेतात येतो अशी समजूत होणे स्वाभाविक आहे. परंतु भुरीच्या बुरशी आपापल्या यजमान झाडांना बांधलेल्या असतात, आणि सागावरील जात लाखोळीवर जगू शकत नाही. लाखोळी व वाटाणा यांच्यावर एक जात येते, जवसावर दुसरी, काकडी-कोहळ्यावर तिसरी. जंगल शेताला रोग देत नाही, रोगाला सोयीची सावली मात्र देते, आणि हा भेद महत्त्वाचा आहे, कारण त्यामुळे उपाय झाडे तोडण्यात नसून सावलीच्या कडेला कोणते पीक, किती दाट आणि कधी पेरायचे या निर्णयात सापडतो.

भांगेच्या झाडावरही भुरी येते, आणि ती काकडीवरील भुरीच्या जवळच्या नात्यातील बुरशीमुळे होते. भारतात १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यामुळे परवान्यावाचून त्या झाडाची लागवड करता येत नाही. कॅनडात मात्र २०१८ साली भांगेला कायदेशीर मान्यता मिळाली आणि तेथील उत्पादकांपुढे एक अडचण ठळकपणे उभी राहिली. फुलोऱ्यावर फवारलेले औषध पुढे माणसाच्या शरीरात जाणार असल्यामुळे त्या अवस्थेत फारच थोडे उपाय वापरता येतात. धानोऱ्यात हीच अडचण वेगळ्या रूपात, रोजच्या जेवणात येते, कारण लाखोळी आणि हरभऱ्याचे शेंडे खुडून त्यांची भाजी केली जाते. ज्या शेताची भाजी खुडायची असेल तेथे आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या रसात भिनणारे औषध फवारणे योग्य ठरत नाही.

या रोगावरील सर्वांत जुने औषध गंधक आहे. १८४५ साली इंग्लंडमधील मार्गेट येथे टकर नावाच्या माळ्याला द्राक्षवेलीवर ही बुरशी दिसली आणि गंधकाचा उपयोगही त्याच सुमारास लक्षात आला. पुढे हा रोग फ्रान्समध्ये पसरून १८५४ साली तेथील द्राक्षमद्याचे उत्पादन कोसळले, तेव्हा गंधकाच्या धुरळणीनेच मळे सावरले. गंधक बुरशीच्या पेशींतील अनेक क्रियांवर एकाच वेळी आघात करत असल्यामुळे इतक्या वर्षांनंतरही ते निकामी झालेले नाही. याउलट १९९६ च्या सुमारास बाजारात आलेल्या स्ट्रोबिल्युरिन गटातील औषधांना गव्हावरील भुरी दोन वर्षांतच जर्मनीत दाद देईनाशी झाली.

पाण्यात मिसळणारे ८० टक्के गंधक १० लिटर पाण्यात सुमारे २५ ग्रॅम, हे सर्वसाधारण प्रमाण आहे. पहिले पांढरे ठिपके खालच्या पानांवर दिसताच फवारणी केली तर तिचा उपयोग होतो. सारे शेत पांढरे झाल्यावर केलेली फवारणी बहुतांशी वाया जाते. तापमान ३२ अंशांपुढे असताना गंधकाने पाने करपतात, तेलयुक्त फवारणीनंतर दोन आठवडे ते वापरू नये, आणि काकडी व कोहळ्याच्या काही वाणांना ते मुळीच सोसत नाही. घरामागच्या वाडीतील अशा मोजक्या वेलींसाठी दुधाचा उपाय खरोखर उपयोगी आहे: ब्राझीलमधील वाग्नर बेत्तिओल यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत एक भाग दूध व नऊ भाग पाणी यांची आठवड्याला फवारणी कोहळ्याच्या जातीतील झुकिनी या पिकावरील भुरी आटोक्यात ठेवू शकली. शेतभर दूध फवारणे मात्र कोणत्याही हिशेबात बसत नाही.

फवारणीआधी रोगाची ओळख पक्की असावी लागते. वेलवर्गीय पिकांवरील केवडा हा दुसरा रोग भुरीशी घोटाळ्यात पाडतो. त्यात पानाच्या वरच्या बाजूला शिरांनी आखलेले पिवळे कोनाकार डाग आणि खालच्या बाजूला करडी बुरशी दिसते, त्याला ओले पान लागते आणि गंधकाचा त्याच्यावर परिणाम होत नाही. मिरचीवर भुरी पानाच्या आत वाढून पांढरेपणा खालच्या बाजूला दाखवते, त्यामुळे पानगळ सुरू होईपर्यंत ती लक्षातच येत नाही. मिरचीचे पान उलटून पाहण्याची सवय त्यासाठी आवश्यक ठरते.

सर्वांत स्वस्त संरक्षण बियाण्यात असते. मुंबईतील भाभा अणुसंशोधन केंद्र आणि अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ यांनी मिळून १९९० च्या दशकात मुगाचे टीएआरएम मालिकेतील वाण दिले, आणि भुरीला प्रतिकार करणे हाच त्यांचा मुख्य गुण होता. शेतकऱ्याला दरवर्षी पंप खांद्यावर घ्यावा लागू नये यासाठी झालेले हे काम लाखोळीच्या बाबतीतही तितक्याच नेटाने होण्याची गरज आहे, कारण या पिकामागे बाजाराचे पाठबळ नाही आणि ते खाणारी माणसे दूरच्या गावांत राहतात. तोवर वेळेवर पेरणी हा आधार उरतो: जवस उशिरा पेरला तर दाणे भरण्याची अवस्था आणि भुरीचा जोर एकाच वेळी येतात, लवकर पेरला तर पीक रोगाच्या पुढे निघून जाते. बी फार दाट फेकू नये. युरिया जास्त पडलेल्या पिकाची लुसलुशीत पाने रोगाला अधिक बळी पडतात. मळणीनंतर रोगट काड व पाने बांधीतच पडून राहिली तर त्यांच्यावरील मोहरीहूनही बारीक काळे ठिपके, म्हणजे बुरशीचे टिकाऊ बीजकोश, पुढील हंगामापर्यंत तग धरू शकतात. ते काड गोळा करून खताच्या खड्ड्यात खोल कुजवावे, आणि त्याच बांधीत पुढच्या वर्षी लाखोळीऐवजी हरभरा किंवा जवस घ्यावा.