विश्लेषण : तोंड अचानक वाकडे का होते?

सकाळी चूळ भरताना पाणी ओठाच्या कोपऱ्यातून गळते. आरशात पाहावे तर तोंड एका बाजूला ओढले गेलेले आणि विरुद्ध बाजूचा डोळा मिटतच नाही. ‘वारं गेलं’ म्हणत घरात धावपळ सुरू होते. कुणी रात्रभर अंगावर घेतलेल्या पंख्याला दोष देतो, कुणी मालिशवाल्याचा पत्ता काढतो. उपचाराचे मोलाचे तास यातच निघून जातात.

हा पक्षाघात आहे का?

ते आधी ठरवावे लागते, आणि कपाळ त्याची एक खूण देते. कपाळाच्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून आदेश मिळतात. त्यामुळे पक्षाघातात तोंड वाकडे झाले तरी भुवया बहुधा उचलता येतात. चेहऱ्याची नसच बिघडली असेल तर त्या बाजूच्या कपाळावर आठ्याही पडत नाहीत. मात्र हे घरी करायचे निदान नव्हे. हात-पाय लुळा पडणे, शब्द न सुचणे, तोल जाणे, दोन-दोन दिसणे यांपैकी काहीही असल्यास थेट रुग्णालय गाठावे. पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते.

नस का बिघडते?

मेंदूतून निघणाऱ्या नसांच्या 12 जोड्यांपैकी सातवी चेहरा हलवते. कानाजवळच्या हाडातील अरुंद बोगद्यातून ती बाहेर येते. तिला सूज आली की तिथे फुगायला जागाच नसते आणि ती दाबली जाते. हाच ‘बेल्स पाल्सी’. स्कॉटिश शल्यविशारद चार्ल्स बेल यांचे नाव त्याला मिळाले. नागिणीच्या कुळातील विषाणूंवर संशय आहे, पण नेमके कारण अनेकदा सापडत नाही. मधुमेही आणि गरोदर स्त्रियांत त्याचे प्रमाण जास्त आढळते. कानात पुरळ आणि तीव्र वेदना असल्यास तो ‘रॅमसे हंट’ असू शकतो. गायक जस्टिन बीबरला 2022 मध्ये झालेला हाच विकार. कांजिण्यांचा शरीरात दबून राहिलेला विषाणू त्यात पुन्हा जागा होतो.

उपचार काय?

बेल्स पाल्सीत स्टेरॉइडच्या गोळ्या 72 तासांच्या आत सुरू झाल्या तर गुण अधिक येतो. काही रुग्णांना सोबत विषाणूविरोधी औषध दिले जाते. स्टेरॉइडने साखर वाढते, त्यामुळे मधुमेहींनी ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावे. सर्वाधिक दुर्लक्ष होते ते डोळ्याकडे. उघडा राहिलेला डोळा कोरडा पडतो, बुबुळावर जखम होते आणि दृष्टीही जाऊ शकते. दिवसा कृत्रिम अश्रूंचे थेंब, रात्री मलम आणि पापणी मिटवून चिकटपट्टी, एवढे तरी व्हायलाच हवे.

सुमारे 70 टक्के रुग्ण औषधाविनाही पूर्ण बरे होतात. मालिशवाल्यांच्या ख्यातीचे रहस्य बहुधा हेच! उरलेल्यांच्या चेहऱ्यात मात्र थोडाफार दोष राहतो. काहींत नस परत वाढताना चुकीच्या स्नायूशी जुळते, मग हसताना डोळा आपोआप मिटतो. फिजिओथेरपिस्ट आरशासमोर हळुवार व्यायाम शिकवतात ते यासाठीच. तीन महिन्यांतही हालचाल परतली नाही, तर गाठीसारखे दुसरे कारण शोधण्यासाठी एमआरआय करावा लागतो.