एकट्या मधमाशीचं मातीचं घर

मधमाश्यांच्या बहुतेक जाती पोळं करतच नाहीत. मादी एकटी राबते. कुणी जमिनीत बीळ करते, कुणी पोकळ काडीत किंवा भिंतीच्या भोकात अंडी घालते. भोकं शोधणाऱ्या या माश्यांसाठी बागेत लावायला भाजक्या मातीचं घर करता येतं. मध मिळणार नाही. पण राखायला पोळं नसल्यामुळे त्या सहसा डसतही नाहीत.

बाहेरून मासा करा, घुबड करा, तुमची हौस. आत मात्र माशीच्या सोयीनेच चालायचं.

लाल माती नीट मळून लाटण्याने सुमारे 1 सेंमी जाडीची लाटा. कागद गुंडाळलेल्या पाइपाभोवती ती वळवा. जोडाच्या दोन्ही कडांवर ओरखडे काढून पातळ माती लावा, नाहीतर वाळताना नेमकी तिथेच चीर जाते. मागून चकती लावून तोंड बंद करा. माती जरा घट्ट झाली की पाइप काढायचाच; माती आटते, पाइप आटत नाही. वाळणं आणि भाजणं मिळून आकार साधारण 10 टक्क्यांनी कमी होतो, म्हणून 18 सेंमी खोली हवी तर 20 सेंमी धरा. सावलीत सावकाश वाळवून पॉटरी स्टुडिओत 950 ते 1000 अंशांवर भाजून घ्या. न भाजता वाळणारी हस्तकलेची माती पहिल्या पावसातच विरघळेल. ग्लेझ हवं तर बाहेरून द्या. आतली माती उघडी राहिली, तर ओल शोषते.

आता खरं काम नळ्यांचं. कागदाच्या किंवा बांबूच्या, 4 ते 10 मिमी व्यासाच्या, 15 सेंमी लांब नळ्या आत गच्च बसवा. बांबू गाठीच्या मागून कापला की मागचं तोंड आपोआप बंद होतं. प्लास्टिकमध्ये बुरशी धरते. पुढचे 3 सेंमी मोकळे राहतात, तीच पावसासाठी वळचण.

लांबीत काटकसर नको. फलित अंड्यातून मादी होते, अफलित अंड्यातून नर. आई माद्यांची अंडी आत आणि नरांची तोंडाशी घालते. नळी आखूड असली की नरच जास्त निपजतात. बाजारातल्या शोभेच्या पुष्कळ ‘बी हॉटेलां’चं इथेच बिनसतं.

घर छपराखाली, पूर्वेकडे तोंड करून, छातीच्या उंचीवर पक्कं ठोका, झुलतं नको. पान कापणारी माशी आली तर ओळखू येते: परागकण पायांवर नव्हे, पोटाखालच्या केसांत, आणि पायांत धरलेला पानाचा गोल तुकडा. अशा तुकड्यांनी ती एकेक खोली बांधते, आत पराग-मधाचा गोळा आणि त्यावर एक अंडं ठेवते. बुजवलेल्या नळीला हात लावू नका. माश्या बाहेर पडल्या की जुनी नळी टाकून नवी घाला, म्हणजे गोचिडीसारखे बारीक जीव साचत नाहीत.

आणि गुलाबाच्या पानांना कडेने गोल कापे दिसले, तर कीटकनाशक फवारू नका. झाडाचं त्याने काही बिघडत नाही.